चित्रकथा, इंग्रजी आणि लेण्यांच्या पायथ्याची शाळा

फर्दापूर हे गाव इतिहासात आले ते मुक्कामाची जागा म्हणून. सोयगाव तालुक्यातले, औरंगाबादहून जळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, अजिंठ्याच्या लेण्यांपासून जेमतेम पाच किलोमीटरवरचे हे खेडे. मोगली अमदानीतली सराई इथलीच. (जिल्ह्याचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुनेच नाव ठेवले आहे.) या गावात उतरले ते सगळे बाहेरचे: लष्करी अधिकारी, चित्रकार, पुरातत्त्ववेत्ते, प्रवासी. त्यांनी आपापल्या वह्यांत लेण्यांचे वर्णन केले, उन्हाचे केले, मधमाश्यांचे केले. गावचा माणूस त्यांच्या हकिगतींत आला तर हमाल म्हणून, वाटाड्या म्हणून. बहुधा तेवढाही आला नाही.

आज लेण्यांकडे वळणाऱ्या फाट्यावर गारगोट्या, माळा आणि लेण्यांच्या चित्रांची पुस्तके विकणारी पोरे परदेशी प्रवाशाला इंग्रजीत भाव सांगतात, घासाघीस करतात. इंग्रजी ही त्यांच्या पोटाची भाषा आहे. पण तसलाच पोरगा नववीच्या वर्गात इंग्रजीच्या धड्यापुढे बसला की मुका होतो. फाट्यावरच्या इंग्रजीला समोर माणूस असतो, वस्तू असते, प्रसंग असतो. धड्यातल्या इंग्रजीला यांपैकी काहीच नसते. म्हणून माध्यमिक शाळेच्या इंग्रजीच्या वर्गात चित्रकथा, म्हणजे ज्याला हल्ली ग्राफिक नॉव्हेल म्हणतात ते, वापरावे की नाही हा प्रश्न शहरी शिक्षणतज्ज्ञांच्या चर्चासत्रापुरता नाही. तो आपला प्रश्न आहे. त्याचा विचार आपल्या इतिहासातून केला पाहिजे, कारण चित्राने गोष्ट सांगण्याची या देशातली सर्वांत जुनी उपलब्ध शाळा फर्दापूरच्या उशाशी आहे.

आपल्यातल्या जाणत्या लोकांची या बाबतीत एक रास्त शंका आहे, ती आधीच मांडतो. जिथे जिथे वरच्यांनी खालच्यांच्या शिक्षणाचा विचार केला तिथे तिथे त्यांनी खालच्यांसाठी सोपे, हलके, हाताने करायचे असे काहीतरी शोधून काढले. तुमच्या पोरांना सुतारकाम शिकवा, आमची पोरे वकिली शिकतील. आता उद्या असे होणार काय, की कॉन्व्हेंटच्या पोरांना गद्य आणि जिल्हा परिषदेच्या पोरांना चित्रे? ही शंका खोटी नाही. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले ते इंग्रजीतून दिले, आणि त्यात त्यांनी सरकारला विचारले ते हेच, की रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर का उधळता? सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजीला माउली म्हणणारी कविता आहे. शूद्रातिशूद्रांच्या दृष्टीने इंग्रजी हा पहिल्यापासून मुक्तीचा मुद्दा आहे. ती पातळ करून घेणे आपल्याला परवडणारे नाही. तेव्हा चित्रकथा वर्गात यायची असेल तर ती गद्याच्या जागी येता कामा नये. ती गद्याच्या शेजारी यावी. या लेखातले माझे म्हणणे एवढेच आहे. पुढचे सारे त्याचे दाखले आहेत.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात शिरा. वाकाटक राजा हरिषेणाच्या एका मांडलिकाने, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, ते खोदवले. शिलालेखात त्याच्या कुळाची थोरवी आहे. रंगवणाऱ्यांची नावे नाहीत. भिंतींवर विश्वंतराची कथा आहे, सिंहलाची आहे, महाकपीची आहे, छद्दन्त हत्तीची आहे. छद्दन्ताची कथा दहाव्या लेण्यातही आहे, आणि तिथली चित्रे इसवी सनापूर्वीची, म्हणजे पाचेकशे वर्षांनी जुनी. एकच कथा, एकाच डोंगरात, दोनदा रंगवलेली.

या चित्रांना चौकटी नाहीत. आपण चित्रकथा म्हटली की ओळीने मांडलेले चौकोन डोळ्यांपुढे आणतो: पहिल्या चौकोनात सकाळ, दुसऱ्यात दुपार. अजिंठ्याच्या भिंतीवर असे घडत नाही. एका प्रसंगाला दुसऱ्यापासून वेगळे करतो तो कधी एखादा खांब, कधी दरवाजा, कधी खडकांची ओळ, कधी पाठमोरा माणूस. विद्या दहेजिया या कला-इतिहासकार विदुषीने दाखवून दिले आहे, की मोठ्या कथांत प्रसंगांची मांडणी काळाच्या क्रमाने नसून पुष्कळदा स्थळाच्या क्रमाने आहे. राजवाड्यात जे जे घडले ते राजवाड्याच्या चित्रात एकत्र, अरण्यात जे घडले ते अरण्यात एकत्र, मग ते कथेच्या सुरुवातीचे असो की शेवटचे. पाहणाऱ्याने कथा स्वतः जुळवायची. म्हणजे भिंत सोपी नाही. ती पाहणाऱ्याकडून काम करून घेते. चित्र हे अडाण्यांसाठी असते आणि अक्षर हे शहाण्यांसाठी, हा समज ज्यांचा आहे त्यांनी सिंहलाची भिंत मार्गदर्शकाशिवाय लावून दाखवावी.

छद्दन्ताची कथा आपल्या वाचकांनी जरा थांबून पाहावी अशी आहे. सहा दातांचा हत्ती हा बोधिसत्त्व. मागच्या जन्मीची त्याची एक हत्तीण मत्सराने मेली आणि काशीची राणी होऊन जन्मली. तिने त्याचे दात आणायला व्याध पाठवला. व्याधाने काषाय वस्त्र पांघरले आणि विषारी बाण मारला. हत्ती चवताळून त्याच्यावर धावला, पण ते वस्त्र पाहून थांबला. एवढेच नव्हे तर दात कापायला त्याने व्याधाला मदत केली. दात पाहताच राणीने प्राण सोडला. धर्मोपदेशकांनी हिच्यातून क्षमा शिकवली. पण त्या व्याधाचे काय? हुकूम राणीचा, सूड राणीचा, बाण मारण्याचे पाप त्याचे. राजाज्ञेने वाईट काम करायला जाणारा रानातला माणूस ही आपल्या इतिहासातली ओळखीची व्यक्ती आहे. हा प्रश्न नववीतला मुलगा विचारू शकतो, आणि मोडक्या इंग्रजीत विचारू शकतो. त्यासाठी फर्दापूरच्या शाळेला सहलीचा खर्चही फारसा नाही.

आता या भिंतींच्या नकलांचा इतिहास पाहा. १८१९ मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांनी लेणी 'शोधली' असे म्हणतात. जणू खालच्या खेड्यांतल्या गुराख्यांना ती दिसतच नव्हती. १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल याला नकला करायला नेमले. त्याने वीसेक वर्षे त्यात घातली. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचा जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून १८८५ पर्यंत येत राहिला. त्यांच्याही पुष्कळ नकला साउथ केन्सिंग्टनच्या आगीत १८८५ मध्ये गेल्या. १९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत लेडी हेरिंगहॅम हिने फर्दापूरला तळ ठोकला. तिच्या मदतीला कलकत्त्याहून नंदलाल बोस, असित हालदार आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन आले. त्या नकलांचे पुस्तक १९१५ मध्ये लंडनला निघाले. पुढे निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याजदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात 'अजंठा'चे चार भाग काढले. फर्दापूरहून नकला लंडनला गेल्या, हैदराबादला गेल्या, बंगालच्या चित्रकलेत मुरल्या. फर्दापूरच्या शाळेत त्यांतले काय आले? इतिहासाच्या पुस्तकातले टपालाच्या तिकिटाएवढे पद्मपाणीचे चित्र. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर ज्या घरांत बुद्ध पुन्हा आला त्या घरांतली मुले त्या तिकिटाएवढ्या चित्राखाली परीक्षेसाठी नाव लिहायला शिकली.

मराठवाड्यातल्या इंग्रजीचा इतिहासही याला जोडून सांगावा लागतो. निजामी राजवटीत वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू. १९१८ चे उस्मानिया विद्यापीठ हे त्याचे शिखर. मराठी मुलाला आधी उर्दूची भिंत आणि तिच्यामागे इंग्रजीची. अस्पृश्य मुलाच्या वाट्याला या दोन्हींच्या आधी शाळेच्या दाराची भिंत. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय उभे केले (मिलिंद महाविद्यालय ते हेच), तेव्हा या तिन्ही भिंतींना एकदम भगदाड पडले. मिलिंदच्या पहिल्या पिढ्या इंग्रजी शिकल्या त्या चित्रांतून नव्हे, हे खरे आहे. शेक्सपिअर आणि मिल्टन त्यांनी पाठ करून, रडतखडत, जिद्दीने पचवले. पण त्यांतल्या कितीजणांना त्या वर्गात स्वतःचे जगणे इंग्रजीत वाचायला मिळाले? जवळपास कुणालाच नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. म्हणजे आता दहावीला बसणाऱ्या मुलाच्या पाठीशी दहा वर्षांची इंग्रजी असते. वर्षे वाढली. वाचायला काय मिळाले हा प्रश्न तसाच राहिला.

शाळेत चित्रकथा वापरावी ही कल्पना नवी आहे असे कुणी समजू नये. अमर चित्रकथा १९६७ मध्ये सुरू झाली. देव, राजे, संत आणि सती यांच्या इंग्रजी चित्रपुस्तिका मध्यमवर्गीय घरांत पोचल्या. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, आजीपासून तुटलेल्या मुलाला आपली संस्कृती इंग्रजीतून शिकवावी हा तिचा उघड हेतू होता. १९७८ मध्ये प्रकाशकांनी शालेय शिक्षणातील चित्रकथेच्या स्थानाविषयी दिल्लीत परिसंवाद घेतला. त्याच वर्षी, २७ जुलैला, मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. पोचिराम कांबळे यांना जयभीम म्हणण्यापायी मारले. आणि १९७९ मध्ये अमर चित्रकथेने बाबासाहेबांवर पुस्तिका काढली. शेकड्याहून अधिक पुस्तिका निघाल्यानंतर या मालिकेला बाबासाहेब सापडले. विद्यापीठाला नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावी लागली, तेव्हा चित्रपुस्तिका पंधरा वर्षे आधीच निघाली होती असेही कुणी म्हणेल! ती निघाली हे चांगलेच झाले. अनेक दलित मुलांनी बाबासाहेब रंगीत पाहिले ते तिच्यात. पण तिची पद्धत महापुरुषाची आहे. अन्याय होतो, नायक सोसतो, नायक जिंकतो. ज्यांनी अन्याय केला ते पान उलटले की नाहीसे होतात. त्यांची घरे, त्यांची दुकाने, त्यांचे आजचे वारस चित्रात कुठेच राहत नाहीत.

यापुढे २०११ मध्ये 'भीमायन' आले. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचे हे इंग्रजी पुस्तक. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार जोडप्याची. बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणावर ते उभे आहे. हे टिपण बाबासाहेबांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये ते पुस्तिकारूपाने काढले आणि महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते १९९३ मध्ये आले.

व्याम पतिपत्नींनी माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला. गोंड घरांच्या भिंतींवर आणि अंगणात काढतात त्या डिगण्याच्या नक्षीने त्यांनी पानाचे भाग पाडले. अजिंठ्याचा खांब आणि दरवाजा आठवा. संवादाच्या फुग्यांची त्यांची युक्ती तर कुठल्याही शिक्षकाने उचलावी अशी आहे. निरुपद्रवी, मायाळू बोलणे पाखराच्या आकाराच्या फुग्यात. जातीचे विषारी बोलणे ज्या फुग्यात, त्याला विंचवाची नांगी. मनातल्या विचाराच्या फुग्याला डोळा. विंचू काय चीज आहे हे सोयगाव तालुक्यातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. वाक्यातला शब्द न् शब्द कळला नाही तरी ते वाक्य नांगीचे आहे हे त्याला आधी कळते, आणि मग तो शब्दकोश उघडतो, कारण आपल्याला नक्की काय म्हटले हे त्याला जाणून घ्यायचे असते. भाषा शिकण्याची यापेक्षा मोठी निकड मला ठाऊक नाही.

मराठवाड्याच्या दृष्टीने या पुस्तकातला महत्त्वाचा प्रसंग दौलताबादचा. साल १९३४. बाबासाहेब आणि सुमारे तीस सहकारी वेरूळची लेणी पाहायला निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा म्हणून उतरले. दिवस रमजानचे. किल्ल्याच्या दाराशी पाण्याने काठोकाठ भरलेले टाके होते. प्रवासाची धूळ होती. काहींनी तिथे तोंड धुतले. तेवढ्यात पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की धेडांनी टाके बाटवले. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या, प्रकरण हातघाईवर येण्याच्या बेतात. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, की तुमचा धर्म हेच शिकवतो काय? उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही या पाण्याला शिवू देणार नाही काय? या प्रश्नाने गर्दी गप्प झाली. किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती मात्र आत कुठेही पाण्याला न शिवण्याच्या अटीवर. आणि पाळत ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. हिंदूला अस्पृश्य असलेला माणूस मुसलमानालाही अस्पृश्य असतो, हे दाखवण्यासाठी बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला. धर्मांतराची येवल्याची घोषणा १९३५ ची आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा हा अनुभव आहे.

चित्रकारांनी तो किल्ला हिंस्र जनावरासारखा काढला आहे. चित्र जबरदस्त आहे. पण वर्गात एवढ्यावर थांबू नये. बाबासाहेबांचा मूळ इंग्रजी मजकूर त्या पानाच्या शेजारी ठेवावा. तो अडीच-तीन पानांचा आहे, वाक्ये छोटी आहेत, शब्द साधे आहेत. कोलंबिया आणि लंडनला शिकलेल्या, घटना लिहिणाऱ्या माणसाने इथे इतकी निरलंकार इंग्रजी लिहिली आहे की नववीच्या विद्यार्थ्याला ती कोशाच्या मदतीने पेलते. मग विचारावे: चित्रात काय जास्तीचे आले? काय गळले? किल्ला जनावर झाला, पण बाबासाहेबांच्या मजकुरात धोका किल्ल्यापासून आहे की माणसांपासून? फुग्यातले वाक्य बाबासाहेबांचे आहे की लेखकांनी रचलेले? परीक्षेला डायरेक्ट-इनडायरेक्टचे वाक्य येतेच. चित्रकथेतला प्रत्येक फुगा हे डायरेक्टचे उदाहरण आहे आणि बाबासाहेबांचे कथन पुष्कळ ठिकाणी इनडायरेक्टचे. एकातून दुसऱ्यात जाताना क्रियापद का बदलते हे इथे खऱ्या माणसांच्या खऱ्या भांडणातून शिकता येते. 'राम म्हणाला की तो आजारी आहे' या वाक्यावर पिढ्यान् पिढ्या गेल्या. ना राम बरा झाला ना व्याकरण आले.

याच टिपणातला चाळीसगावचा प्रसंगही आपल्या बाजूचा. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडचा खानदेशातला. १९२९ मध्ये मुंबई सरकारच्या चौकशी समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांना नेण्यास टांगेवाले नकार देतात; तेव्हा वस्तीतला टांगा न हाकलेलाच एक माणूस टांगा हाकतो आणि एका पुलावर तो उलटून बाबासाहेबांचा पाय मोडतो. बॅरिस्टर माणूस टांगा मिळेना म्हणून जायबंदी होतो. यावर चित्र काढायला मुलांना सांगावे आणि पाहावे, की टांगेवाल्याचा नकार ती कशी काढतात. नकार काढणे फार अवघड असते.

'भीमायन'वर आपला एक आक्षेप राहतोच. शब्द लिहिणारे दोघेही दलित नाहीत. आदिवासी चित्रकारांनी काढलेले, दलितेतरांनी लिहिलेले, दिल्लीत छापलेले, इंग्रजी वाचणाऱ्या शहरी माणसाला समजावून सांगणारे असे हे पुस्तक. त्याची सुरुवातच आरक्षणावर नाक मुरडणाऱ्या एका आधुनिक तरुणाला उत्तर देण्याने होते. आपल्या मुलांना ते उत्तर द्यायची गरज नसते. त्यांना तो तरुण वर्गातच, शेजारच्या बाकावर, भेटतो. त्याच वर्षी नवयानने फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर (१८७३) 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' काढले, त्यालाही हे लागू आहे. तरीही या आक्षेपापायी पुस्तक नाकारणे मला पटत नाही. दुर्गाबाई व्याम यांच्या हातची रेघ ही कुणाच्या कृपेची नाही. आणि आपण आपली चित्रकथा काढली नाही, याचे उत्तर आपणच द्यायचे आहे.

दिल्ली विद्यापीठाने बी. ए. इंग्रजीच्या अभ्यासक्रमात 'भीमायन' नेमले, तेव्हा दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पर्याय म्हणून बाबासाहेबांचे आत्मकथनपर लेखन नेमले होते. डोळस विद्यार्थ्याला चित्रे, आणि आंधळ्याला बाबासाहेबांचे स्वतःचे शब्द! यात फायद्यात कोण राहिले, ते वाचकांनी ठरवावे. मला तर दोघांनाही दोन्ही द्यावीत असे वाटते. चित्राचे वर्णन वर्गमित्राने आंधळ्या मित्राला इंग्रजीत करून सांगणे हाही एक धडाच आहे.

पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीकडून. तेव्हा तिकडचा एक दाखला इथे अस्थानी होणार नाही. माँटगोमेरीच्या बसवरील बहिष्कारानंतर, १९५७ मध्ये, 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' नावाची दहा सेंट किमतीची चित्रपुस्तिका निघाली. बहिष्कार कसा चालवायचा, मार खाताना हात कसा आवरायचा, हे तिच्यात चित्रांनी शिकवले होते. दक्षिणेतल्या चर्चमधून आणि प्रशिक्षणवर्गांतून ती फिरली. ती वाचून घडलेल्या तरुणांपैकी एक जॉन लुईस. पुढे संसदसदस्य झालेल्या या माणसाने उतारवयात आपले आत्मचरित्र 'मार्च' या तीन भागांच्या चित्रकथेत सांगितले (२०१३ ते २०१६), आणि त्याच्या तिसऱ्या भागाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहावर दहा पैशांची अशी पुस्तिका आपल्याकडे तेव्हा निघाली नाही. आपल्याकडे जलसा होता; जलशाने ते काम केले, आणि ते आवाजाने केले.

चित्र वर्गात आले की वादही येतो, हे विसरता येत नाही. अमेरिकेतच टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने ज्यूंच्या संहारावरची 'माउस' ही पुलित्झरप्राप्त चित्रकथा २०२२ मध्ये आठवीच्या अभ्यासक्रमातून काढली. कारणे दिली शिव्यांची आणि नग्न चित्राची. आपल्याकडचा प्रसंग २०१२ चा. अकरावीच्या राज्यशास्त्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात (ते २००६ पासून चालू होते) शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते: राज्यघटना नावाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसले आहेत, हातात चाबूक, मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक, भोवती गर्दी. मे महिन्यात संसदेत गदारोळ झाला, सरकारने चित्र मागे घेण्याचे मान्य केले, सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली.

मोडतोड निषेधार्हच होती. पण ज्या विद्वानांनी दलितांना विनोदबुद्धी नाही असा निष्कर्ष त्यातून काढला, त्यांनी चाबकाचा इतिहास वाचलेला नव्हता. ब्राह्मण पंतप्रधान मागे चाबूक घेऊन उभा आणि पुढे दलित, हे चित्र दिल्लीतल्या प्राध्यापकाला दिसते तसे नांदेड-परभणीच्या वस्तीतल्या मुलाला दिसत नाही. दोघांचे डोळे वेगळ्या गोष्टी पाहून आलेले असतात. उन्नमती श्यामसुंदर यांनी २०१९ मध्ये १९३२ ते १९४८ या काळातली बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे 'नो लाफिंग मॅटर' या पुस्तकात गोळा केली. ती ओळीने पाहिली म्हणजे शंकर यांचे चित्र एकटे नव्हते हे कळते.

मग ते चित्र पुस्तकातून काढायचे की ठेवायचे? माझे मत वेगळे आहे. त्या चित्रात बाबासाहेबांवरचा आरोप आहे, की घटना करायला फार वेळ लावला. या आरोपाला बाबासाहेबांनी स्वतः, इंग्रजीत, २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतल्या भाषणात उत्तर दिले आहे. घटना समितीला लागलेला वेळ दोन वर्षे, अकरा महिने आणि सतरा दिवस. मसुदा समिती बसली १४१ दिवस. अमेरिकेने चार महिन्यांत घटना केली हे खरे, पण तिची कलमे सात. ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे लागली आणि कलमे १२८. आमच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे उत्तर चित्राच्या समोरच्या पानावर छापले असते तर? तक्ता पाहून परिच्छेद लिहा असा प्रश्न इंग्रजीच्या मास्तरांना रोज लागतो. या आकड्यांचा तक्ता करावा आणि मुलांना विचारावे, की गोगलगाय कोण? आरोप चित्रात आणि उत्तर गद्यात, एकाच तासाला. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांना हे सुचले नाही आणि विरोध करणाऱ्यांनाही सुचले नाही. दोघांनीही चित्र एकटे पाहिले.

अडचण आणखी एक आहे आणि ती पुस्तकी नाही. वर्गात दौलताबादचे पान उघडले की चाळीस डोळी तोंडे एका बाकाकडे वळतात. कोण कुठल्या वस्तीतला हे खेड्यात सर्वांना ठाऊक असते. ज्या मुलाकडे सगळे पाहतात त्याला त्या क्षणी बाबासाहेबांचा अभिमान वाटतो की आपण उघडे पडलो असे वाटते? बहुधा दोन्ही. शिक्षकाला याचे भान नसेल तर चित्रकथा त्या मुलावर उलटते. यावर एक उपाय करून पाहण्यासारखा आहे: सुरुवात सोसणाऱ्यापासून न करता नांगीच्या फुग्यापासून करावी. हे बोलणारा कोण? त्याने हे कुठे ऐकले? त्याच्या घरी त्याला हे कुणी शिकवले? तोंडे मग दुसरीकडे वळतात. वळली पाहिजेत.

पुस्तके महाग आहेत आणि शाळेत एकही प्रत नसते, ही तक्रार खरी. पण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' शासनाच्या खंडात आहे. त्यातली तीन पाने फळ्यावर उतरवता येतात. चित्रे मुलांनी काढावीत. मी तर असे सुचवीन, की फर्दापूरसारख्या ठिकाणच्या शाळेने मातंग जातक घ्यावे. या कथेत बोधिसत्त्व चांडाळाच्या पोटी जन्मतो. श्रेष्ठीची मुलगी उद्यानाकडे निघालेली. वाटेत तिची नजर त्याच्यावर पडते, तशी ती सुगंधी पाण्याने डोळे धुते आणि मागे फिरते. फुकटचे खाणेपिणे बुडाले म्हणून चिडलेले तिचे लोक त्याला मरेस्तोवर मारतात. शुद्धीवर आल्यावर तो श्रेष्ठीच्या दाराशी जाऊन आडवा पडतो. ती मुलगी मला द्या, त्याशिवाय उठणार नाही. सातव्या दिवशी ते मुलीला बाहेर आणतात.

आधी सतराव्या लेण्यात जाऊन चौकटीशिवाय गोष्ट कशी सांगतात ते पाहावे, आणि मग ही कथा एकाच लांब कागदावर काढावी: रस्ता एका बाजूला, श्रेष्ठीचे दार दुसऱ्या बाजूला. संवाद इंग्रजीत, प्रत्येकी सहा शब्दांपेक्षा जास्त नाहीत. डोळे धुणारी मुलगी काय म्हणते, मारणारे काय म्हणतात, सात दिवस दाराशी पडलेला मातंग काय म्हणतो, आणि घरातले आतल्या आत काय कुजबुजतात. कुणाच्या फुग्याला पाखराची चोच आणि कुणाच्या फुग्याला नांगी, यावर वर्गात भांडण होईल. मुलीच्या फुग्यावर सर्वांत जास्त होईल. कारण ती त्याच कथेत पुढे त्याच्या घरी जाते. हे भांडण इंग्रजीत करायला लावावे, मोडके तर मोडके. एका तासिकेत ते मावत नाही, चार लागतात, आणि कागद भिंतीवर लावायला वर्गाची एक बाजू मोकळी ठेवावी लागते.